कुणी नाही, सर

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आमच्यात लपवाछपवी नसते, असं तो चारचौघांत सांगतो, तेव्हा मी मान डोलावते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी रोज सकाळी पाषाणच्या तळ्याभोवती पळते. पळते म्हणजे — जॉगिंगच. वाट सोपी आहे, सपाट, मातीची. चढ नाही, बाभळींची सावली आहे, जागा पक्ष्यांसाठी राखीव, त्यामुळे गाड्यांची कटकट नाही. चाळिशीत सुरुवात करणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

पण मी चाळिशीत सुरुवात केलीच नव्हती. शाळेत मी आठशे मीटर पळायचे आणि जिंकायचे. नववीत असताना राज्य स्पर्धेच्या निवडीत पहिली आले. आमच्या खेळाच्या सरांना मात्र संस्थेतल्या कुणा बड्या माणसाची पुतणी पाठवायची होती. तसं तोंडावर सांगितलं असतं तर? — रडले असते, कदाचित विसरलेही असते. त्यांनी माझ्या वडिलांना बोलावून घेतलं. म्हणाले, "पोरीच्या हृदयात काहीतरी दोष दिसतोय. पळवू नका. एखाद्या दिवशी मैदानातच जाईल."

वडील भित्रे. मला डॉक्टरकडे न्यायचीसुद्धा त्यांना भीती — खरंच काही निघालं तर? त्यांनी माझे बूट कुणाला तरी देऊन टाकले. मी जिना चढू लागले की आई खालून ओरडायची, सावकाश! दोन स्थळं याच कारणावरून मोडली. पुढे पहिल्या बाळंतपणाआधी मी डॉक्टरीणबाईंना घाबरत घाबरत सगळं सांगितलं. तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत. कधी काही नव्हतंच.

काही वर्षांपूर्वी ते सर आमच्याच सोसायटीत राहायला आले.

काचबिंदूने डोळे गेल्यातच जमा होते. समोरचं तेवढं नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं, कडेचं काही नाही. माझं आडनाव बदललेलं, मीही बदललेली. त्यांनी ओळखलं नाही. त्यांची बायको, भली बाई, मला म्हणाली, "अहो, तुम्ही रोज तळ्यावर जाता ना? यांना एक चक्कर मारून आणाल? एकटं सोडायचा धीर होत नाही." मी लगेच हो म्हटलं. का म्हटलं? तेव्हा वाटलं होतं, एक दिवस ओळख देईन आणि जाब विचारीन.

पहिल्याच आठवड्यात ते माझ्या शेजारून चालता चालता म्हणाले, "पावलं झकास पडतात तुमची. लहानपणी कुणी लक्ष घातलं असतं तर नाव काढलं असतंत."

जाब विचारायचं मी तिथेच सोडलं. जाबाने काय झालं असतं? ते दोन मिनिटं खजील झाले असते, बस.

तळ्याच्या बांधावर काही पुरुष रोज व्यायाम करायचे. त्यांच्यातला एक, संजय, एकदा माझ्याकडे आला. सर जरा लांब बाकावर टेकले होते. "हे आमचे सर ना? आम्हा सगळ्यांना शाळेत कबड्डी शिकवायचे!" चेहरा असा फुलला होता त्याचा! तो बाकाकडे निघालाच. मी आडवी आले.

"नका जाऊ. जुनी मुलं भेटलेली त्यांना खपत नाहीत. चिडतात. मला बजावून ठेवलंय त्यांनी."

किती सहज बोलले मी — जीभही अडखळली नाही.

त्यानंतर ती मंडळी वाटेच्या कडेला उभी राहून नुसते हात जोडायची. बोलायचं कुणी नाही. सरांना कडेचं दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

"एवढी मुलं घडवली," सर म्हणायचे, "एखादा तरी इथे येत असेल, नाही?"

"कुणी नाही, सर."

ते पुन्हा पुन्हा विचारायचे आणि मी पुन्हा पुन्हा हेच सांगायचे. खरं सांगू? मला ते म्हणायला आवडायचं. त्यांचे खांदे किंचित खाली यायचे — ते पाहायला मी उठायचे. पळायला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी येणं सोडलं. बायको म्हणाली, "म्हणतात, कशाला जायचं? ओळखीचं कोण आहे तिथे?" दिवसभर खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. एका वाक्यात मी त्यांना उठवू शकले असते. नाही उठवलं.

ते गेले. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली, तेव्हा बांधावरची सगळी मंडळी आली. संजय रडत होता. सरांची बायको त्याला म्हणाली, "आता आलात होय? एवढ्या जवळ राहून? वाट बघून बघून गेले हो ते."

संजयने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन, असं त्याला वाटलं असणार. सरांनाच जुनी मुलं भेटायला नको होती — हे निदान मी तरी तिला सांगेन. तो स्वतः कसं सांगणार? त्या बाईला, त्या दिवशी? तो वाकला, तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "चुकलं आमचं."

मी तिच्या शेजारीच बसले होते. तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

त्या बाईचं वाईट वाटतं मला. संजयचंही वाटतं. सरांचं — नाही. अजूनही नाही.