मल्लव्वाच्या घरातलं कानडी

सोलापुरात निम्मी माणसं घरात एक भाषा बोलतात आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की दुसरी. त्याचं कुणाला काही वाटत नाही. पायात चप्पल सरकवावी तशी मराठी सरकवायची आणि कामाला निघायचं. शेळगीतला रुद्रप्पा तेहतीस वर्षं असाच निघत होता.

तो मार्केट यार्डात एका आडत्याकडे कांद्याचा लिलाव पुकारायचा. आवाज असा खणखणीत, की शेजारच्या गाळ्यावरचे व्यापारी स्वतःचा लिलाव सोडून याच्याकडे माना वळवायचे. हमालांना दम द्यावा त्यानेच, शेतकऱ्याची समजूत घालावी त्यानेच, आणि कुणी फार शहाणपणा केला तर त्याची चारचौघांत बिनपाण्याने करावी तीही त्यानेच. हे सगळं मराठीत. घरी आला की हातपाय धुवायचा, कपाळाला विभूती लावायचा आणि कानडीत शिरायचा. कानडीतला रुद्रप्पा निराळाच माणूस होता. हळू बोलायचा. खोड्या काढायचा. चटणीला नावं ठेवत ठेवत तिसरी भाकरी मागून घ्यायचा. यार्डातल्या कुणाला हा रुद्रप्पा सांगितला असता तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. तो एकट्या मल्लव्वाच्या वाट्याचा होता.

मल्लव्वा वळसंगची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, माहेरी सगळा कारभार कानडीत. लग्नानंतर चौतीस वर्षांत भाजीवाल्यापुरती, कंडक्टरपुरती, पोराच्या शाळेतल्या बाईंपुरती मराठी तिने गोळा केली, आणि तेवढ्यावर तिचं भागलं. भांडायला, रुसायला, थट्टा करायला तिला कानडीच लागायचं. तसा तिचा कानडीतला कारभार फार मोठा नव्हता, घरात एका माणसाशी होता. सासू गेली होती. मुलगा बसू पुण्यात कंपनीत होता, त्याच्या कानडीत जेवणाखाणाचे चार शब्द उरले होते आणि सुनेच्या कानडीत तेवढेही नव्हते.

दीड वर्षापूर्वी एप्रिलच्या उन्हात रुद्रप्पा गोण्यांच्या थप्पीवर उभा राहून पुकारत होता. खालची गोणी सरकली. तो डोक्यावर पडला, तेही सिमेंटच्या ओट्यावर. पुढचे एक्केचाळीस दिवस दवाखान्यात गेले. कवटी उघडून साकळलेलं रक्त काढलं, तेव्हा कुठे जीव वाचला.

दवाखान्यातच एका अभ्यासात त्याचं नाव घातलं गेलं. डोक्याला मार बसलेली माणसं घरी गेल्यावर कशी जगतात, चालतात का, बोलतात का, पुन्हा माणसांत मिसळतात का, हे काही डॉक्टर मंडळी तपासत होती. बोलण्याचे उपचारही तेच देणार होते. टेबलामागच्या माणसाने फॉर्म भरता भरता विचारलं, "घरात भाषा कुठली?"

मल्लव्वा म्हणाली, "मराठी."

खोटं बोलायचं म्हणून ती बोलली नव्हती. पोराच्या शाळेचा दाखला असो, शिरगणतीला आलेला माणूस असो, टेबलामागून कुणी भाषा विचारली की मराठी सांगायचं, हा त्या घराचा शिरस्ताच होता. शिवाय त्या दिवशी तिला धास्ती होती. कानडी म्हणावं, आणि हे म्हणाले, आमच्याकडे कानडीचा डॉक्टर नाही, पेशंटला विजापूरला न्या, तर ती एकटी बाई कुठे नेणार होती? म्हणून तिने मराठी सांगितलं. पुढच्या माणसाने ते लिहिलं.

घरी आल्यावर पाचव्या आठवड्यात रुद्रप्पा पहिला शब्द बोलला. "पाणी." मल्लव्वाने शेजारणींना हाका मारल्या, बसूला फोन लावला, देवापुढे साखर ठेवली. मग शब्दामागून शब्द येत गेले. "भाकरी." "पंखा." "बस झालं." उपचाराला येणारी मुलगी चित्रं दाखवायची आणि तो नावं सांगायचा. सहा महिन्यांत पुरी वाक्यं यायला लागली, आणि मल्लव्वाला जे कळायचं ते कळलं. परत आला होता तो यार्डातला रुद्रप्पा.

"बाई, ताट आणा की लौकर! किती येळ लावता?" तो खाटेवरून ओरडायचा, ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. शेजारच्या बायका पदराआड हसायच्या. ही आपली बायको हे त्याला ठाऊक होतं. कुणी विचारलं तर "आमच्या मंडळी" असं नीट सांगायचा. पण बोलायचा ते लिलावाला आलेल्या परक्या बाईशी बोलावं तसं. मल्लव्वाने सुरुवातीला पुष्कळ प्रयत्न केले. शेजारी बसून कानडीत बोलायची, लग्नातल्या गमती काढायची, बसूच्या लहानपणीचे उद्योग सांगायची. तो तिच्या तोंडाकडे टक लावून पाहायचा, कपाळाच्या शिरा ताणायचा आणि मग भिंतीकडे तोंड फिरवायचा. एकदा तर चिडून म्हणाला, "हितं मराठीत बोला!" त्या दिवसापासून मल्लव्वाने त्याच्याशी कानडी बोलणं सोडलं. आणि मराठीत तिला बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं.

अशी ती एकटी पडली. बरं, तक्रार करावी तर वळसंगच्या बहिणीखेरीज कुणाकडे? गल्ली म्हणायची, "मल्लव्वा, नशिबाची हायस. माणूस उटून बसला, बोलाय लागला, आनि काय पायजे?" बसू म्हणायचा, "आई, बाबा बोलतायत ना? मग झालं तर." ज्या गोष्टीमुळे सगळे आनंदात होते तिच्यामुळेच आपण झुरतो आहोत, हे इथे कुणाला सांगायला तोंडच नव्हतं तिला. नवरा घरात असून घर रिकामं वाटतं म्हणणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात, ते तिला माहीत होतं.

दर तीन महिन्यांनी तपासायला अभ्यासाची दुसरी मुलगी यायची. उत्कर्षा नाव, मोहोळची, सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. हातात टॅब, पाठीला सॅक, स्कूटीवरून ऊन खात आलेली. रुद्रप्पाला चालायला लावायची, चित्रं दाखवायची, मग मल्लव्वाला विचारायची, "मावशी, काकांच्या बोलण्यात काही अडचण वाटते?" मल्लव्वा म्हणायची, "न्हाय." पोरगी इतक्या आनंदाने मार्क सांगायची की तिचा विरस करणं मल्लव्वाच्या जिवावर यायचं. आणि खरी गोष्ट अशी, की मल्लव्वाला भीती वाटत होती. आपण त्या दिवशी मराठी म्हणालो, म्हणून यांनी मराठीचाच उपचार दिला आणि कानडी तसंच वाळून गेलं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. नवऱ्याचं कानडी आपण मारलं. हे कबूल कुठल्या तोंडाने करायचं?

पंधराव्या महिन्याला उत्कर्षा आली आणि सरबत पिता पिता म्हणाली, "मावशी, आज शेवटची भेट हं. यानंतर आमचं येणं नाही."

रुद्रप्पाने त्या दिवशी वीसपैकी एकोणीस चित्रं ओळखली. कांद्याचं चित्र आल्यावर तर "लाल कांदा, एक नंबर माल!" म्हणून आरोळीच ठोकली. उत्कर्षा हसली, टॅब सॅकमध्ये घालायला लागली. मल्लव्वाने तिचा हात धरला.

"पोरी, माजं चुकलंय," ती म्हणाली. "आमी घरात कानडी बोलत हुतो. मी मराटी सांगितलं. मालकांचं कानडी गेलंय सगळं. आता तुमी यायाच्या न्हाईत, म्हणून सांगते."

पुढचं तिला सांगता येईना. मराठी तिथेच संपली.

उत्कर्षाने सॅक खाली ठेवली. "अहो मावशी, सांगायचं की आधी!" असं तिच्या तोंडून निघून गेलं, पण मल्लव्वाचा चेहरा पाहून ती लगेच गप्प झाली. बाहेर जाऊन तिने वरच्या डॉक्टरांना फोन लावला. बराच वेळ बोलून आत आली.

"मावशी, तुमच्यामुळे काही गेलेलं नाही," ती म्हणाली. "दोन भाषांच्या माणसाला मार बसला की कधी एकच आधी परत येते. कुठली, ते कुणाच्या हातात नसतं. चूक झाली ती आमची. पंधरा महिन्यांत आम्ही दुसऱ्यांदा विचारलंच नाही. सर म्हणाले, आत्ताच तपासा. मला कानडी येत नाही. तुम्ही विचारा काकांना."

मल्लव्वा खाटेसमोर स्टुलावर बसली. उत्कर्षाने चित्रांचे पत्ते तिच्या हातात दिले. पहिलं चित्र कांद्याचं. "इदु एनु?" तिने विचारलं. हे काय? पंधरा महिन्यांची भीती त्या दोन शब्दांत होती. रुद्रप्पाने तोंड उघडलं. "उ..." एवढाच आवाज आला आणि अडकला. मानेच्या शिरा फुगल्या. उळ्ळागड्डी म्हणून कांदा त्याने जन्मभर खाल्ला होता, तो शब्द येईना. पुढचं चित्र दाराचं, मग दोरीचं, मग कोंबडीचं. विसांपैकी एकही नाही. मल्लव्वाने चित्रं मांडीवर ठेवली. संपलं, असं ती मनाशी म्हणाली.

"थांबा," उत्कर्षा म्हणाली. "आता उलटं करू. मी चार चित्रं समोर ठेवते. तुम्ही कानडीत नाव घ्या, काका बोट ठेवतील. त्यांनी बोलायचं नाही."

"बागला," मल्लव्वा म्हणाली. रुद्रप्पाचं बोट सरळ दारावर गेलं.

"हग्ग." दोरी.

"कोळी." कोंबडी.

मल्लव्वा भराभरा विचारत गेली. बोट कुठे अडखळेना. वीसपैकी अठरा बरोबर. उत्कर्षा उठून उभीच राहिली. "मावशी, गेलेलं नाहीये! आत आहे सगळं. काकांना बाहेर काढता येत नाही, पण कळतंय. पहिल्यापासून कळत असणार."

मल्लव्वाच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं. आणि मग ते तिथेच थिजलं. पहिल्यापासून?

वळसंगच्या त्या बहिणीचं नाव निंगव्वा. रोज दुपारी मल्लव्वा तिला फोन लावायची. कानडीत बोलायला जगात तेवढाच एक कान उरला होता. फोनला रेंज खिडकीपाशी, आणि खिडकीपाशीच रुद्रप्पाची खाट. याला काय कळतंय, म्हणून ती त्याच्या उशाशी बसून मोकळेपणी बोलायची. काय काय बोलली होती ती! माझा माणूस त्या ओट्यावरच मेला ग, निंगव्वा. दवाखान्याने मला कुणी भलताच आणून दिला. याला मी आंघोळ घालते, याला भाकरी करून घालते, आणि कपाळाला कुंकू लावताना कळत नाही कुणाच्या नावाचं लावते. एकदा नाही, दहादा नाही. वर्षभर, रोज, त्याच्या डोक्यापाशी बसून. आणि तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. तिला वाटायचं, झोपलाय.

उत्कर्षा फोनवर सरांना आकडे सांगत होती, उत्साहाने हातवारे करत होती. आणखी उपचार मिळतील, कानडी येणारं माणूस अक्कलकोटहून बोलावू, असं काहीबाही मल्लव्वाच्या कानावर पडत होतं. तिचं लक्ष नवऱ्याकडे होतं. तोही तिच्याकडेच बघत होता. आज त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं नव्हतं.

विचारू नये असं तिला वाटत होतं. न विचारता पुढे कसं राहायचं तेही कळेना. शेवटी तिने स्टूल पुढे ओढलं आणि कानडीत विचारलं, "मी निंगव्वाशी बोलायचे, ते तुम्हाला कळत होतं?"

रुद्रप्पाचे ओठ हलले, कानडीचा एखादा शब्द वर येतो का ते त्याने पाहिलं असावं. आला नाही. मग तो मराठीतच बोलला, पण लिलावाचा आवाज त्यात नव्हता.

"व्हय. समदं कळत हुतं."

मल्लव्वाने पदर तोंडात कोंबला. रुद्रप्पाने हात लांब करून तिच्या स्टुलाच्या कडेवर ठेवला.

"रडू नगा," तो म्हणाला. "खोटं कुटं बोललात तुमी? तुमच्या त्या मानसाला मीबी हुडकतोय रोज. मलाबी गावंना झालाय त्यो."