बाईंच्या वर्गात बिऱ्हाड

सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण ते शिवणयंत्राचे मास्तर, शाळेचे नव्हेत. शाळेशी त्यांचं कधी जमलंच नाही. चौथीत गुरुजींनी कान धरून वर्गाबाहेर काढलं, ते पुन्हा शिकायला आत गेले नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी, असं गुरुजी म्हणाले आणि घरच्यांनाही ते पटलं. त्याच दगडी शाळेत म्हातारपणी बिऱ्हाड करायची वेळ आली, तेव्हा मास्तर भेटेल त्याला सांगत सुटले, "पळालेल्या पोराला पकडून आणलं बघा शेवटी!"

शाळेत मुलंच उरली नव्हती. इमारत मात्र जुनी, नावाजलेली. पाडायला कोणाची छाती होईना. मग तिच्यात म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी कमी भाड्याची घरं करायचं ठरलं. एका वर्गाचं एक घर. कोपऱ्यात ओटा, बाजूला न्हाणीघर, भिंतीला धरायला दांडे. जुनं जपायचं अशी अट होती, म्हणून फळे भिंतीवरच राहिले आणि दप्तरं अडकवायच्या खुंट्याही. त्या मुलांच्या उंचीच्या, जेमतेम कमरेपर्यंत. आधी सगळे हसले. मग ज्यांचे हात खांद्याच्या वर जात नव्हते, तेच त्या खुंट्यांना दुवा देऊ लागले.

मास्तरांची बायको याच शाळेत पहिलीला शिकवायची. जन्मभर पहिलीच. नवऱ्यासकट सगळे तिला बाई म्हणत. गणवेशाची मापं घ्यायला तरणा शिंपी वर्गात आला, टेप लागताच पोरांना गुदगुल्या व्हायला लागल्या, तेव्हा बाईंनी एकेकाला धरून सरळ उभं केलं. तिथेच जुळलं. "मापं एकदा घेतली की झालं ना? हे महिनाभर घेत होते," असं बाई पुढे लेकीला सांगायच्या.

लग्नानंतर रोज संध्याकाळी मास्तर सायकल घेऊन फाटकाशी हजर. शाळा सुटली तरी बाई लगेच निघत नसत. एखाद्या पोराला न्यायला कोणी आलेलं नसे. त्याच्याजवळ त्या उभ्या राहत आणि "येतील हं, येतीलच आता," असं इतक्या खात्रीने म्हणत, की पोराचं रडं थांबे. शेवटचं पोर गेलं की मास्तर सायकल हाताने ढकलत आणि बाई शेजारून चालत. मागे कधी बसल्या नाहीत. "पाडाल," म्हणायच्या.

उतारवयात बाईंचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग लेकीचं नाव. नेमकी शाळा तेवढी विसरल्या नाहीत. सकाळ झाली की पर्स घेऊन निघायच्या आणि भलत्याच रस्त्याला लागायच्या. एकदा दूधवाल्याने आणून सोडलं, एकदा पोलिसांनी. लेक म्हणाली, "बाबा, तुमच्याने नाही होणार हे. अशा माणसांना सांभाळणारी संस्था आहे, आईला तिथे ठेवू."

"मी मेल्यावर ठेव," मास्तर म्हणाले. एरवी लेकीपुढे आवाज चढवायचे नाहीत.

त्याच सुमारास शाळेतल्या घरांची बातमी आली आणि मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. बाई शाळेला निघतात म्हणून हरवतात. घरच शाळेत नेलं तर जातील कुठे? चिठ्ठ्या टाकल्या त्यात त्यांच्या वाट्याला मुख्याध्यापकांची खोली आली, ऐसपैस, भरपूर उन्हाची. ती त्यांनी एका निवृत्त ड्रायव्हरला देऊन टाकली आणि बदल्यात पहिलीचा वर्ग घेतला. म्हाताऱ्याचंही डोकं फिरलंय, असं ड्रायव्हरला वाटलं.

राहायला आल्यावर पहिल्या सकाळी तर सगळं मनासारखं झालं. बाई उठल्या, फळा पाहिला, खडू मागितला आणि गुणगुणत अक्षरं काढू लागल्या. दाराकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. फक्त मास्तरांना म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबायचं." मास्तर डोळे पुसत व्हरांड्यात जाऊन बसले. वर्गाबाहेर बसायची त्यांना सवय जुनीच होती.

मग संध्याकाळ झाली. बाईंनी फळा पुसला, पर्स घेतली आणि घरी जायला निघाल्या.

जन्मभर कापड बेतलेल्या माणसाचा एवढा साधा बेत चुकावा! शाळा भरते तशी सुटतेही, हे मास्तरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. "अगं, हेच आपलं घर," असं म्हणत ते दारात आडवे उभे राहिले. परक्याने कोंडून घातल्यासारख्या बाई ओरडल्या. शेजारी जमले. व्यवस्थापक आले आणि खाली बघत म्हणाले, "मास्तर, हे रोज झालं तर त्यांना इथे ठेवता नाही यायचं."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी फळ्याच्या मापाचा पडदा शिवला. गंजलेली सायकल पुसून काढली आणि शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभे राहिले. बाई बाहेर आल्या आणि हसल्या. "आज लवकर आलात?" दोघं इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीने चालत आली. तोवर ड्रायव्हरने आत जाऊन फळ्यावर पडदा ओढला होता, दिवा लावला होता. मागच्या दाराने बाई आत शिरल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "दमले बाई आज."

तो सबंध उन्हाळा आणि पुढचे कितीतरी महिने रोज असं चाललं. लेक एकदा येऊन पाहून गेली. संस्थेचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मास्तरांचे गुडघे कुरकुरत होते, पण फाटक चुकलं नाही.

थंडीतल्या एका संध्याकाळी बाई बाहेर आल्या आणि मास्तरांच्या शेजारून पुढे गेल्या. फाटकाला टेकून रस्त्याकडे बघत राहिल्या.

"चलायचं ना?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कोणाचे आजोबा? मुलं तर गेली सगळी."

मास्तरांनी सायकल स्टँडवर लावली.

"मी थांबलेय," बाई म्हणाल्या. "आमचे हे येतील आता, सायकलवरून."

"उशीर करतात का?"

"छे! फार शिकलेले नाहीत हो, पण मला एकदासुद्धा ताटकळत ठेवलं नाही त्यांनी."

मास्तरांनी कोट काढून त्यांच्या खांद्यावर घातला. बाईंनी घालू दिला. रस्त्यावरचे दिवे लागले. सायकलवाला दिसला की बाई टाचा उंच करून बघत, आणि तो निघून गेला की पुन्हा टेकून उभ्या राहत. फळ्यावर पडदा ओढून ड्रायव्हर खिडकीत वाट बघत होता.

बऱ्याच वेळाने बाईंना या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याची दया आली असावी.

"आणि तुम्ही कोणासाठी थांबलात?"

"बायकोसाठी," मास्तर म्हणाले आणि त्यांना रडू आवरेना.

बाई जवळ आल्या. त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "येईल हं, येईलच आता."