चाचांचं तीन दारांचं खुराडं

चाचा रोज सकाळी उन्हात अंगणात डोळे मिटून चालायचे. एक हात पुढे, दुसरा हवेत चाचपडत, आणि तोंडानं पुटपुट, "ऊन डाव्या गालावर. म्हणजे दार समोर. नाई, थोडं अलीकडं." पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तुम्हीही तेच म्हणाला असता.

नांदुऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. चाचा गाद्या भरायचे, मी त्यांच्या गाद्यांना खोळी शिवायची. कापसाचा भुगा त्यांच्या भुवयांवर, मिशांवर कायम बसलेला. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्यांच्याभोवतीची हवासुद्धा पांढुरकी दिसायची, संथ तरंगणारी. माणूसही तसाच, अर्धा इथं आणि अर्धा कुठंतरी. खोळ न्यायला यायचे आणि दारात आभाळ बघत उभे राहायचे. मी खेकसले, "चाचा, खोळ न्यायची ना?" की दचकून म्हणायचे, "हाव बेटी, तेच तर करून राह्यलो."

अंगणातलं ते चालणं चाचींसाठी होतं. चाचींची नजर शुगरनं हळूहळू गेली. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांच्याकडं कोंबड्या. संध्याकाळी बांबूच्या डाल्याखाली झाकायच्या, वर दगड ठेवायचा, सकाळी सोडायच्या, हा त्यांचा नेम. नजर गेल्यावर एकदा डालं नीट बसलं नाही आणि मुंगसानं दोन कोवळ्या तलंगा नेल्या. चाचींनी त्या दिवशी जेवण सोडलं. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी. तो फोनवर म्हणाला, विकून टाका, कटकट कशाला. कोंबड्या विकल्या नाहीत, पण सोडणं-झाकणं चाचांकडं गेलं आणि चाची नुसत्या ओसरीवर बसू लागल्या, हात मांडीवर ठेवून. ते रिकामे हात मला बघवत नव्हते, खरं सांगते.

आणि चाचांची छाती तोवर कापसाच्या धुळीनं खराब झालेली. दवाखान्यातून आले त्या दिवशी माझ्या मशीनजवळ बसले आणि म्हणाले, "माह्या मागं तिले कोंबड्या सोडाले कोणाले हाक माराव लागू नये. बस, एवढं जमवून ठेवतो."

तिथून खुराडं सुरू झालं. सुरू म्हणजे काय, कितीतरी दिवस नुसतं मनातच. चाचा डोळे मिटून ओसरीवरून उतरायचे, निंबाच्या मुळाला अडखळायचे, परत जायचे, परत उतरायचे. पोरं हसायची. मी म्हटलं, चाचा, एखादा मिस्त्री बोलवा, दोन दिवसांत करून देईल. तर म्हणाले, मिस्त्रीचे डोळे चांगले आहेत, त्याले काय समजते.

शेवटी खुराडं उभं राहिलं, तीन दारांचं. कोंबड्यांसाठी जमिनीलगत एक सरकती फळी, तिची दोरी थेट ओसरीच्या खांबापर्यंत आणलेली, म्हणजे चाचींनी बसल्या जागेवरून ओढावी. मागच्या बाजूला अंड्यांसाठी झाकण, कमरेच्या उंचीवर, वाकायला नको. आणि पुढं मोठं दार, चाचींनी आत जाऊन दाणापाणी ठेवण्यासाठी. चौकटीला त्यांनी चक्क कापसाची गादी ठोकली, डोकं आपटलं तर लागू नये म्हणून. खुराड्याला गादी! कोंबड्यांनी टोचून टोचून तिचा कापूस अंगणभर केला. चाचा पुन्हा भरायचे, पुन्हा ठोकायचे. सरकत्या फळीकडं तर कोंबड्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मोठं दार उघडलं की तिथूनच सगळ्या बाहेर. चाचा म्हणायचे, "मर्जी त्यायची."

गादीवाल्याचं माप त्याच्या हाताचं. टेप चाचांनी जन्मात धरली नव्हती. मोठ्या दाराची कडीही त्यांनी तशीच बसवली, डोळे मिटून उभं राहायचं आणि हात आपसूक जाईल तिथं खूण करायची. आता चाचा ताडमाड उंच. चाची त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हत्या.

पहिल्या सकाळी चाचींना त्यांनी दारासमोर उभं केलं आणि स्वतः लांब जाऊन बसले, श्वास रोखून. चाचींनी हात पुढं केला, कडी नाही. वर नेला, नाही. मग टाचा उचलल्या, बोटांवर उभ्या राहिल्या, आणि कडी सापडली. मी तोंड उघडलंच होतं, "अहो चाचा, ही कडी..." तोच चाची म्हणाल्या, "बेटी, चहा ठेव." आणि चाचांच्या दिशेनं मान वळवून म्हणाल्या की अगदी बरोबर जमलं. चाचा इतके हसले की त्यांना खोकला आवरेना. मी गुमान चहा ठेवला.

पुढच्या थंडीत चाचा गेले. मुलगा चाचींना न्यायला आला. काही दिवस राहिला, आणि रोज पाहत होता. आई उठते, ओसरी उतरते, गालावर ऊन घेते, दार उघडते, अंडी काढते, संध्याकाळी कोंबड्या आत घेऊन कडी लावते. कोणाला एक हाक नाही. तो एकटाच परत गेला. जाताना माझ्याकडं येऊन रडला. मीही रडले.

पण त्या टाचा मला रोज दिसायच्या. म्हातारी पडली-बिडली तर? एका सकाळी मी मिस्त्रीला घेऊनच गेले. चाचींना म्हटलं, कडी खाली घेऊ, पाच मिनिटांचं काम आहे, आता कोणाला वाईट वाटायचं?

चाचींनी हात वर नेला, टाचा उचलल्या, कडीवर बोटं ठेवली आणि तशाच थांबल्या, तोंड वर करून.

"राहू दे बेटी," त्या म्हणाल्या. "त्यायच्यासंग बोलतानी मान अशीच वर कराव लागे."

मग त्यांनी कडी काढली, आणि कोंबड्या त्यांच्या पायांवरून अंगणात उतरल्या.