आम्ही कांड्या

सांगलीच्या कॉलेजात आले आणि हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी माझं नाव गेलं. पहिल्या वर्षाच्या आम्ही सगळ्याच ‘कांड्या’. कांडी म्हणजे लागणीसाठी तोडलेला उसाचा तुकडा. पण हे आमचं नाव का, असं मी तिसऱ्या वर्षाच्या एका ताईला विचारलं. ती ऊसवाल्या घरातली. म्हणाली, "कांडी सरीत टाकायची आन् पायानं दाबायची. दाबल्याबिगर उगवती व्हय?"

दाबणं म्हणजे काय ते मेसमध्ये कळलं. कांड्यांनी शेवटी जेवायचं. ताटात गार भाकरी आणि आमटीचं नुसतं पाणी. उंब्रजजवळ आमचाही ऊस आहे, घरी मी कधी गार भाकरीला हात लावला नव्हता. माझं टाळकं रोज सटकायचं.

गॅदरिंगमध्ये पहिलं वर्ष विरुद्ध तिसरं वर्ष अशी मुलींची रस्सीखेच लागली. मी सरळ त्या ताईला गाठलं. "आमी जिंकलो तर आदी आमी जेवणार."

ती हसली. "आन् हरलासा तर वरीसभर आमची ताटंबी घासायची."

मी हो म्हणून बसले. मैत्रिणी माझ्यावर दात खाऊ लागल्या.

माझे वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले, पलटणीच्या संघात रस्सीखेच खेळलेले. फोनवर म्हणाले, "वडायचं न्हाई पोरी. टाचा रोवायच्या, मागं रेलायचं आन् गप धरून ऱ्हायचं. त्यास्नी दमू दे."

शिट्टी झाली. समोरच्यांनी जीव खाऊन ओढलं. आम्ही टाचा मातीत गाडून मागे रेललो, तोंडं आभाळाकडे. बघणारी पोरं खिदळली. पण रस्सी हलेना. तळहात सोलले. माझ्या मागची रडत होती, तरी सोडत नव्हती. मग समोरून धापा ऐकू आल्या, त्या ताईचा पाय घसरला आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "कांड्यांनो, आता!"

सगळं मैदान ‘कांड्या, कांड्या’ ओरडायला लागलं आणि त्यांची अख्खी रांग फरफटत रेघेच्या अलीकडे आली. असा आनंद मला बारावीच्या निकालानेही दिला नव्हता.

रात्री मेसच्या रांगेत मी पहिली. वाढायची पाळी त्याच ताईची, तळहातांना हळद लावलेली. तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकत म्हणाली, "घे, कांडे."

"दाबली की उगवती, तुमीच म्हणला हुतासा ताई."

"व्हय गं. पर इतक्या लवकर?"

आणि आमटी तिने तळापासून ढवळून वाढली.