चौदस पाळणारी लॉरी

घरात गाडी आली की तिच्यामागून गोष्टी येतात. गाडी रोज जाते आणि रोज परत येते. गोष्टी मात्र अंगणातच राहतात, भांड्याच्या तळाशी गाळ बसावा तशा साचत जातात. आमच्या जैन स्थानकात सामायिक, म्हणजे दोन घटकांचं ध्यान, आटोपलं की बायका मला घेरतात, "लॉरीचं सांगा ना!" मी म्हणते, अहो, धर्माचं काही विचारा. पण खरं सांगू? आमच्या लॉरीतून धर्म वेगळा काढताच येत नाही!

खांडबाऱ्याला स्टेशनाजवळ आमचं धान्याचं दुकान. घरात सासूबाई, मोठे दीर म्हणजे जेठजी, हे आणि मी. दुसरं महायुद्ध संपल्यावर यांनी हट्टानं एक जुनी डिझेल लॉरी आणली. जेठजींचा सक्त विरोध. "बैल गवत खातो आणि शेण देतो. ही काळं तेल पिणार आणि काय देणार?"

ड्रायव्हर ठेवला सुपडू. हा आधी आमच्याच दुकानाचा गाडीवान. बैलजोडी विकून नंदुरबारला जाऊन ड्रायव्हरकी शिकून आला होता. म्हणजे परतीची वाट त्यानं स्वतःच मोडली होती, बिचाऱ्यानं!

*

पहिल्या दिवशी पूजा. सासूबाई पांढरंशुभ्र लुगडं नेसून पुढे झाल्या. लॉरीला कुंकवाचा टिळा लावला, नारळ वाढवला आणि मागच्या बाजूनं प्रदक्षिणा घालायला वळल्या. नेमकं तेव्हाच सुपडूनं इंजिन चालू केलं!

असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. पत्र्यावरची कबुतरं उडाली, आणि मागच्या नळीतून जो काळा ढग निघाला त्यात सासूबाई दिसेनाशाच झाल्या. माझ्या तोंडून नवकार मंत्र सुरू झाला.

ढग विरला. सासूबाई जागच्या जागी उभ्या, कपाळापासून पदरापर्यंत काजळी!

सुपडू उडी मारून खाली आला, हात जोडले आणि म्हणाला, "माय, तुम्ही तिले टिळा लाया, तिनी बी तुमले लाया!"

*

आठवड्याभरात सासूबाईंनी फर्मान काढलं, ही गाडी दाराशी नको. हे समजूत घालत होते. बोलता बोलता म्हणाले, "आई, हिचं फार जपावं लागतं. डिझेल फडक्यातून गाळून घालायचं. शिवाय आत गाळणी असते, फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची, तिला फिल्टर म्हणतात. न गाळलेलं पोटात गेलं की ही बंद पडते."

सासूबाई थबकल्या. आमच्याकडे न गाळलेल्या पाण्याचा थेंब कुणाच्या ओठाला लागत नाही. दुहेरी जाड फडक्यातून पाणी गाळायचं. फडक्यावर जे उरतं ती जिवाणी. ती विसळून, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद सोडायची. आतल्या सूक्ष्म जीवांनी आपल्या घरी परत जावं म्हणून. सासूबाईंनी उभ्या आयुष्यात यात खंड पडू दिला नव्हता.

"ही गाळून पिते?" त्यांनी विचारलं.

"गाळूनच."

"मग आधी नाही का सांगायचं? आपल्यातलीच आहे की!"

*

नंदुरबारच्या मिस्त्रीनं सांगितलं होतं, फिल्टर पंधरवड्याला धुवायचा आणि धुळीच्या दिवसांत आठवड्याला. फेल्ट वर्षातून दोनदा नवं घालायचं. सुपडूला तारखा काही लक्षात राहीनात. एकदा इतका उशीर झाला की लॉरी रेल्वेच्या फाटकातच थांबली, आणि आगगाडी यायची वेळ! अर्ध्या बाजारानं ती ढकलून बाहेर काढली.

मग सासूबाईंनीच तोड काढली. "चौदसला आपला उपास, तर चौदसला तिचाही. त्या दिवशी तिनं जायचं नाही, गाळणी धुवायची. उन्हाळ्यात आठमही पाळायची. फेल्ट बदलायचं दिवाळीला आणि आखातीजला, अक्षय्य तृतीयेला."

सुपडूच्या एकदम लक्षात राहिलं!

पुढे एक साध्वीजी गोचरीला, म्हणजे भिक्षेला, आल्या. सहज म्हणाल्या, "या घरात चौदस कोण कोण पाळतं?"

जेठजी आतून ओरडले, "आम्ही चौघं आणि लॉरी!"

*

जेठजींची जीभ अशीच. मनात आलं की ओठावर. चौदस असो की पजूसणाचं पर्व.

एके वर्षी फेल्ट दिवाळीच्या आधीच फाटलं. नंदुरबारला मिळेना, नवापूरला मिळेना. माल भरून लॉरी उभी. हे ओसरीत येरझाऱ्या घालताहेत. आणि माझी नजर गेली खुंटीवर. जेठजींची काळी टोपी. उत्तम, जाड फेल्ट!

मी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी माझ्याकडे. त्यांनी कात्री आणून दिली, मी सुईदोरा घेतला.

लॉरी झोकात गेली. संध्याकाळी जेठजी दुकानात जायला निघाले. "माझी टोपी कुठाय?"

मी सुईदोरा पदराखाली लपवला. शेवटी सुपडू अदबीनं म्हणाला, "इंजिनमा शे, मोठा शेट."

जेठजींचा चेहरा पाहून मला वाटलं, आता घर पेटतं! पण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "असू दे. तुझ्या डोक्यातून आजवर सगळं न गाळताच बाहेर आलं. आता तरी काही गाळलं जाईल."

जेठजींनी उघड्या डोक्यानं प्रतिज्ञा केली, "ही गाडी धड चालेपर्यंत मी दुसरी टोपी घालणार नाही!" आमच्या घरात कुणीही कसलंही व्रत घेतं.

*

आणि बरं का, त्यानंतरच गाडी धड चालेना. नवलाची गोष्ट अशी, की अंगणात डिझेलचं नवं पिंप आलं की गाडी गुणी. मग चौदस यायची, फिल्टर स्वच्छ धुतला जायचा, आणि दोन दिवसांत लॉरी खोकत खोकत बंद! फिल्टर उघडावा तर आत चिखल. पुन्हा धुवावा, पुन्हा तेच.

जेठजींनी हिशेब मांडला. "धुतल्यावरच का बिघडते? धुणारा कोण? चांगलं डिझेल विकतो आणि पिंपात घाण ढकलतो हा! या चौदशीनंतर गाडी पुन्हा थांबली, तर सुपडू घरी आणि गाडी भंगारात."

सुपडूचा चेहरा राखेसारखा झाला. "मन्ही मायनी आन, मी काहीच करेल नही," एवढंच म्हणाला. बैल विकलेला माणूस. जाणार कुठे? मी थक्क झाले. इतक्या वर्षांचं माणूस, आणि एका शब्दात चोर!

मी त्याच दिवसापासून आयंबिल धरलं. बिनमिठाचं, बिनतुपाचं एकवेळचं अन्न. संसारातलं मागायला तप करू नये म्हणतात, मलाही ठाऊक आहे. पण मला वाटत होतं, खरं वर येईलच.

*

चौदस आली. दुपारी जेठजींनी ओसरीत खाट टाकली आणि पिंपावर नजर रोखून बसले. त्यांच्यासमोर सुपडूनं फिल्टर धुतला. डिझेल फडक्यातून गाळून टाकीत भरलं. फडक्यावरचा काळा गाळ, गंज, केरकचरा वाटीत काढून भिंतीशी ठेवला, आणि मुद्दाम लांब निंबाखाली जाऊन बसला, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे गुडघ्यांवर ठेवून.

अंगणात चिटपाखरू नाही. उपासाचा दिवस, चूलही थंड. मी दारात, हे माझ्यामागे. पिंपाकडे कोण येतं, ते सगळे पाहताहेत.

आणि आतून सासूबाई आल्या.

तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी, ओठांत नवकार. भिंतीजवळची वाटी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. पिंपापाशी गेल्या, झाकण सरकवलं, वाटी थेट तेलाला टेकेपर्यंत आत नेली, आणि हलकेच, एक थेंबही उडू न देता, तो सगळा गाळ आत सोडला!

जेठजी खाटेवरून ताडकन उठले. "आई!! हे काय?"

"काय म्हणजे? जिवाणी." सासूबाई वाटी विसळत होत्या. "जिथली तिथं नको सोडायला? सुपडू रस्त्यात फेकत होता. केवढं पाप! कळलं तेव्हापासून दर चौदशीला मीच सोडते."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"धर्माचं काय सांगायचं असतं?"

जेठजींनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. जन्मात पहिल्यांदा त्यातून काहीच बाहेर पडलं नाही.

निंबाखाली सुपडू उठला. सावकाश चालत ओसरीपर्यंत आला, आणि जेठजींच्या उघड्या डोक्याकडे बघत अगदी मायेनं म्हणाला,

"मोठा शेट, आते नवी टोपी लई ल्या."