मांडीवरचं चाक

अकोटच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली, तेव्हा तिच्या मांडीवर कारचं नवंकोरं अलॉय व्हील होतं. पन्नाशीची बाई, सुती साडी, केसांत अबोली.

"लेकाच्या गाडीचं का?" मी आगाऊपणानं विचारलं.

"लेकाचं कावून? माह्याच गाडीचं हाय."

वर्षातून एकदा ती दूर दक्षिणेतल्या रेसच्या ट्रॅकवर आपली जुनी स्पोर्ट्स कार पळवते म्हणे. अकोल्याचा दुकानदार सतरा इंची चाकांसाठी मागं लागला होता. तिनं पंधरा इंचीच घेतलं, तेही एकच. ते आतल्या ब्रेकला न घासता नीट बसलं, तर बाकीची तीन घेणार होती.

"मोठं चाक उभ्या गाडीले शोभते," ती म्हणाली. "मले वळणं घ्याची हायेत. हे हलकं हाय, अन् याच्यावर रुंद टायर बसते."

मग तिनं डोळे मिटले. दोन्ही हातांनी चाक धरलं. खिडकीबाहेर पांढरी कपाशी संथ मागं सरकत होती. तिची मनगटं हलकेच डावीकडे वळली, थांबली, मग उजवीकडे.

आमचा रस्ता अगदी सरळ होता. तरी मी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला.