एका मास्कात बारा जणी

स्वाइन फ्लूचं साल होतं. पुण्याहून रोज कुणी ना कुणी गेल्याच्या बातम्या यायच्या, आणि इकडे महाडात आमच्या प्राचार्यांनी फलकावर नियम लावला: मास्क नसेल तर कॉलेजात प्रवेश नाही. कारखान्यांकडून वास सुटायचा, डोळे चुरचुरायचे, तेव्हा कुणाला तोंड झाकायचं सुचलं नव्हतं. उलट आदल्याच वर्षी हुकूम निघाला होता की मुलींनी ओढणीनं तोंड बांधून आत यायचं नाही, चेहरा ओळखू येत नाही. तो हुकूम कुणी मागे घेतला नाही. म्हणजे तोंड झाकायचं, पण ओढणीनं नाही.

मी तेव्हा तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. नेमणुकीचं पत्र दर जूनला नव्यानं मिळायचं, तेही प्राचार्यांच्या मर्जीवर. मुली तपासायला बाई हवी म्हणून फाटकावर मला उभं केलं. कायम नोकरीतल्या मॅडमचे पाय नेमके त्याच आठवड्यात दुखायला लागले होते.

बाजारात मास्क मिळत नव्हते, मेडिकलवाले हात वर करायचे. चार दिवसांत मुलींनी तोड काढली. एक जण मास्क लावून आत जायची, कंपाउंडच्या गजांतून तोच बाहेर द्यायची, की पुढची आत. एका मास्कात बारा बारा जणी. मला दिसायचं, मी मान वळवायचे. प्राचार्यांनाही दिसत असणार. त्यांचा स्वतःचा मास्क हनुवटीखाली असायचा, चहाला बरा पडतो म्हणून.

परीक्षेचे फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस, जादा मुदतीसकट. कशेडी घाटात दरड आल्यामुळे तिकडच्या गाड्या रखडल्या होत्या. साडेबाराला शेवटच्या वर्षाची एक मुलगी धावत आली. माझ्याच वर्गातली, घाटाच्या पायथ्याच्या गावची. यंदा बी.ए. झालीस तर नोकरी बघ, नाहीतर लग्न लावून मोकळा होतो, असं बापानं तोडून सांगितलं होतं. हे तिनंच मला सांगितलेलं. ऑफिसची खिडकी एकला बंद व्हायची.

तिच्या तोंडावर धुतलेली ओढणी दुहेरी बांधलेली होती. मैत्रिणीनं गजांतून मास्क पुढे केला, ओलसर, पिवळट पडलेला. हिनं तो घेतला नाही.

“सगळ्यांच्या तोंडाचा हाय तो. मी नाय लावणार. मॅडम, तुमीच सांगितलंत ना वर्गात, एकमेकांचं वापरू नका?”

सांगितलं होतं. अख्ख्या कॉलेजात ते कळलेली ही एकटीच निघाली.

प्राचार्य नेमके व्हरांड्यात उभे होते. मी म्हटलं, “ओढणी चालत नाही. मास्क घेऊन ये.”

“मग फॉर्म तरी द्या ना आत. भरलेला हाय.” तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून काढून माझ्यापुढे धरला.

मैत्रिणीच्या हातचा फॉर्म ऑफिसात घेत नसत. शिक्षकानं नेला तर कारकून मुकाट घ्यायचा. खिडकी माझ्यापासून तीस पावलांवर होती.

“मला ड्युटी सोडता येत नाही,” मी म्हटलं.

ती बाजाराकडे पळाली. दीडला परत आली तेव्हा तोंडावर मास्क होता, शिंप्याकडून त्याच ओढणीचा शिवून घेतलेला, नाड्यांसकट. मी फाटक उघडलं. आता ती नियमात बसत होती. प्राचार्यांनी तिला थांबवून बाकीच्या मुलींना दाखवलं. “बघा, याला म्हणतात शिस्त!” ती त्यांच्याकडे न बघता खिडकीपर्यंत गेली. खिडकी बंद होती. तिनं दोनदा टकटक केलं आणि फॉर्म पुन्हा पिशवीत ठेवला. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पंधरा दिवसांत मास्कचा नियम सगळे विसरले. ओढणीचा तेवढा राहिला. मला प्राचार्यांचा राग येतो, कारकुनाचा येतो, पण त्या तीस पावलांपाशी आलं की कुणावर ढकलायला जागा उरत नाही.

वैशाखात तिचं लग्न झालं. जूनमध्ये मला नेमणुकीचं पत्र मिळालं. त्यात एक ओळ जास्तीची होती: ‘शिस्तपालनाचे काम समाधानकारक.’ मी सही करून ते घेतलं.